कपाळावरची पांढरी बट

रुख्मिणीबाईंची पेटी अंगणात उलटी पडली होती. दाराला कुलूप, आणि चावी त्यांच्या दिराच्या, पंढरीच्या मुठीत.

त्यांची मुलगी मयूरी हिच्या फोनवरून पोलीस उपनिरीक्षक हर्षदीप आला.

"माह्या मायले घराबाहेर काढून राह्यले, साहेब."

"घर राजकुमारचं हाय," पंढरी म्हणाला. "तिच्या बापानंच मरायच्या आधी त्याच्या नावानं करून देल्लं."

राजकुमार, मयूरीचा भाऊ, लहानपणी बाजारात हरवला होता. यंदा पंढरीनंच त्याला नांदेडहून शोधून आणला. आजारी बापानं, डोमाजीनं, त्याला ओळखलं ते कपाळावरच्या पांढऱ्या बटेवरून. घराण्याचीच खूण ती.

हर्षदीपनं मयूरीकडे पाहिलं. बट मुळापासून पांढरी. डोळ्यांचे आतले कोपरे एकमेकांपासून बरेच लांब. पेटीतून सांडलेल्या फोटोत डोमाजी तसाच होता, मांडीवरचा लहान राजकुमारही.

समोरच्या राजकुमारनं मात्र डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळला होता.

"डोकं काऊन बांधलं?"

"बापाच्या दहाव्याले केस काढले. ऊन लागते."

"सावलीतही?"

त्यानं दुपट्टा आणखी खाली ओढला.

"कोणत्या न्हाव्यानं काढले?"

"न्हावी कायले? म्या काढले," पंढरी मध्येच म्हणाला.

"काका इतके मायाळू कधीपासून झाले?" मयूरीनं विचारलं.

"चूप बस, कबरे," तिच्या पांढऱ्या बटेकडे बोट दाखवत पंढरी खेकसला.

"दुपट्टा सोड," हर्षदीप म्हणाला.

पंढरी आडवा आला. हर्षदीपनं त्याला बाजूला केलं आणि दुपट्टा ओढला.

डोक्यावर उगवलेले खुंट कपाळापर्यंत एकसारखे काळे होते.

"वार्डेनबर्ग सिंड्रोम," हर्षदीप म्हणाला. पोलिसात येण्याआधी तो जनुकशास्त्र शिकला होता. "एका जनुकातला बदल, बापाकडून मुलांत उतरलेला. बटेच्या जागी रंगाच्या पेशीच नसतात, केस उगवतो तोच पांढरा. काहींची बट वयानं काळी होते, पण अशी आठवड्याभरात नाही. याची बट औषधानं पांढरी केलेली होती. आणि याचे डोळे पाहा, जवळजवळ आहेत. फोटोतल्या पोराच्या डोळ्यांतलं अंतर मोठेपणी मिटत नाही. हा राजकुमार नाही. दहाव्याला केस ठेवले असते तर गावानं याला मुलगा मानला नसता, म्हणून काढावे लागले. न्हाव्याला काळी मुळं दिसली असती, म्हणून वस्तरा पंढरीनं धरला."

"वावराचा हिस्सा देतो म्हनले," तोतया पंढरीकडे पाहत पुटपुटला. "बट यायनंच केली."

रुख्मिणीबाई पहिल्यांदाच बोलल्या. "मले पह्यल्याच दिशी समजलं होतं. पर याले पाहून धनी पोटभर जेवाले लागले. म्हून गप राह्यली."

त्यांनी पंढरीसमोर हात पुढे केला.

"आता ते नाहीत. चाबी दे."