आतून उघडणारं दार

सकाळी अकराची वेळ ठरली होती. साडेअकरा वाजून गेले तरी मास्तरांचा पत्ता नव्हता.

पेटंट कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर परीक्षकबाई त्यांची फाइल उघडून बसल्या होत्या. बावीस वर्षं त्या लोकांचे शोध तपासत होत्या, आणि उशीर करणाऱ्या शोधकांची त्यांना सवय होती. पण मास्तर तसे नव्हते. आठ दिवसांपूर्वी त्यांचं पत्र आलं होतं. अक्षर शाळेतल्या फळ्यावर असावं तसं गोल, सरळ. ‘आमच्या गोंदाच्या अर्जात शोधक म्हणून तीन नावं आहेत. त्यातलं एक खोटं आहे. सोमवारी समक्ष येऊन सांगतो.’

फोन वाजला. पलीकडे पोलीस इन्स्पेक्टर होते.

“तुमच्या कार्यालयाचं भेटीचं पत्र एका माणसाच्या खिशात सापडलंय, बाई.”

“मास्तरांच्या? कुठे आहेत ते?”

“त्यांच्याच कारखान्यात. कोल्डरूममध्ये. सकाळी साडेआठला मिस्त्रीनं दार उघडलं तेव्हा जीव गेलेला होता.”

बाईंनी फाइल पिशवीत घातली आणि निघाल्या.

कारखाना छोटासा, एका मोठ्या फाटकाच्या आत. डाव्या हाताला मास्तरांचं घर, उजवीकडे शेड, मागे प्रयोगशाळा. घरातून निघालं तरी माणूस कारखान्यात आणि कारखान्यातून निघालं तरी घरात. मास्तर तरुणपणी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे; नोकरी सुटली, नाव चिकटलं. त्यांची दोन पेटंटं होती. एक ‘पाहुणा’ हूकच्या गोंदाचं, ते अजून मंजूर व्हायचं होतं. भिंतीवर हूक दाबला की चिकटतो, वर गरम पाणी टाकलं की सुटतो. पाकिटावर छापलं होतं: येतो, राहतो, डाग न ठेवता जातो.

दुसरं पेटंट जुनं. कोल्डरूमच्या दाराचा सुटकेचा दांडा. आत अडकलेल्या माणसानं छातीच्या उंचीवरची मूठ दाबायची, की दांडा कड्यांतून खाली सरकतो आणि जमिनीजवळची खिट्टी सुटते.

म्हणजे ज्या खोलीत मास्तर मेले, तिचं दार आतून उघडायची युक्ती त्यांचीच होती.

“आम्ही दहा वेळा आतून उघडून पाहिलं,” इन्स्पेक्टर म्हणाले. “एका बोटानं उघडतं. डॉक्टर म्हणतात, हृदय चांगलं होतं, थंडीनंच गेले. मग अर्थ एकच. म्हाताऱ्याला बाहेर यायचंच नव्हतं.”

बाई आत शिरल्या. उणे बारा अंश. भिंतीला लागून कच्च्या मालाचे डबे. श्वासाची वाफ होत होती. इन्स्पेक्टरांनी मोबाइल उंच धरून दाखवला. पत्र्याच्या जाड भिंतींतून रेंज येत नव्हती, आवाज बाहेर जात नव्हता.

“कुठे सापडले?”

“तिकडे, कोपऱ्यात.” कारखान्याचा मिस्त्री दाराशीच उभा होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण आत पाऊल टाकायला धजत नव्हता. “रिकामी पोती अंगावर ओढून बसले होते.”

“आणि हात?”

“तळहात निळे पडलेत,” इन्स्पेक्टर म्हणाले. “थंडीनं.”

“पूर्ण तळहात?”

त्यांनी वही पाहिली. “नाही. मनगटाकडचा भाग. दोन्ही हातांचा.”

बाईंनी मुठीवर तळहाताचा तोच भाग टेकवून पाहिला. मग खाली वाकल्या. दाराच्या आतल्या बाजूला, जमिनीलगत, ताटाएवढा बर्फाचा पापुद्रा होता.

“हे पाणी कसलं?”

“गरम पाणी होतं, बाई. मास्तरांचे हातपाय शेकायला आणलं.”

“कोणी?”

मिस्त्री अडखळला. “किटली वहिनींच्या, मास्तरांच्या सुनेच्या, हातात पाहिली मी. मग मी डॉक्टरला बोलवायला पळालो.”

“दांड्याला शेवटचा हात कोणी लावला होता?”

“शनिवारी मीच तेल घातलं. लोण्यासारखा चालत होता.”

बाईंनी चाकूच्या टोकानं बर्फाचा तुकडा काढला आणि डब्यात घातला. इन्स्पेक्टरांनी भुवया उंचावल्या.

मास्तरांची सून प्रयोगशाळेत होती. नवरा चार वर्षांपूर्वी अपघातात गेला, तेव्हापासून ती इथेच सासऱ्यांच्या हाताखाली काम करत होती. हातावर रसायनांचे जुने डाग. डोळे सुजलेले.

“काल बाबांना शेवटचं कधी पाहिलंत?”

“दुपारी अडीचला. चारची गाडी होती तुमच्याकडे यायला. पिशवी घेऊन निघाले. जाताना कारखान्यातल्या कोल्डरूममधून गोंदाचा नमुना घेतो म्हणाले. मला वाटलं, गेले. मी रात्री शांत झोपले, बाई. पन्नास पावलांवर.”

“सकाळी गरम पाणी तुम्ही नेलंत?”

“काका, म्हणजे बाबांचे भाऊ, ओरडले, गरम पाणी आण. मी नेलं. त्यांनी दारातच किटली घेतली माझ्याकडून.”

“गोंद कोणी शोधला?”

तिनं खिडकीकडे पाहिलं. अंगणात चुलतसासरे उभे होते. “आमच्या तिघांचा आहे.”

“मिश्रण किती वेळ ढवळायचं?”

“चार-पाच मिनिटं. त्याहून जास्त ढवळलं तर भांड्यातच दगड होतो.”

बाईंनी ते लिहून घेतलं.

मास्तरांचा धाकटा भाऊ, सगळ्यांचे काका, कारखान्याची विक्री बघायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. त्यांनी बाईंना आधी खुर्ची दिली, मग पाणी.

“दादा अलीकडे उदास असायचा,” ते म्हणाले. “मुलगा गेल्यापासून माणूस आतून संपलाच होता.”

“काल कुठे होतात?”

“घरीच. रविवार. शेडकडे फिरकलोसुद्धा नाही.”

“सकाळी पाणी दाराशी कसं सांडलं?”

“सूनबाईच्या हातून. घाबरली होती बिचारी, किटली हिंदकळली.”

“पेटंट झालं की पुढे काय ठरलं होतं?”

“एक मोठी कंपनी विकत घ्यायला तयार आहे. शोधकांपैकी दोघांची सही पुरते. मी आणि दादा देणार होतो.”

“तुम्हीही शोधक. मग सांगा, मिश्रण किती वेळ ढवळायचं?”

काका हसले. “पंचेचाळीस मिनिटं. घड्याळ लावून मीच उभा राहायचो.”

बाहेर आल्यावर इन्स्पेक्टरांनी अर्जाचं सातवं पान उघडलं. तिथे स्पष्ट छापलं होतं: ४५ मिनिटे ढवळावे.

“घ्या,” ते म्हणाले. “खोटं नाव सूनबाईंचं. उघडं पडणार म्हणून म्हाताऱ्याला अडवलं. किटलीही त्यांचीच. फक्त कसं अडवलं ते सांगा, म्हणजे मी मोकळा.”

“अर्धा तास द्या,” बाई म्हणाल्या.

त्या प्रयोगशाळेत गेल्या आणि बाह्या सरसावून स्वतः भांडं ढवळायला बसल्या. बाहेर आल्या त्या हात चोळत. इन्स्पेक्टरांशी दोन मिनिटं हळू आवाजात बोलल्या. मग एकट्याच कोल्डरूममध्ये जाऊन आल्या.

चार वाजता त्यांनी तिघांना बोलावलं.

“पोलिसांचं काम झालं, इन्स्पेक्टर शहरात परत गेले,” त्या म्हणाल्या. “दांड्याचं पेटंट माझ्या कार्यालयाचं आहे. तो चालतो असा शेरा मला द्यायचाय, तुमच्या समोर. हात गारठतील म्हणून गरम पाणी सोबत घेतलंय.”

चौघं आत गेले. दार त्यांच्यामागे बंद झालं. खट् असा जाड, पोटातला आवाज.

“दाबा,” बाई मिस्त्रीला म्हणाल्या.

मिस्त्रीनं मूठ दाबली. हलली नाही. दोन्ही हातांनी दाबली. मग खांदा लावला.

“सकाळी तर चालत होता,” तो पुटपुटला.

सून पुढे झाली आणि मुठीला लोंबकळली. मग दारावर थापा मारायला लागली. त्या थापा जाड भिंतींत विरून जात होत्या. “कोणी आहे का?” तिचा आवाज चिरकला. “बाहेर कोणीच नाही. कालही कोणी नव्हतं.”

काका भिंतीला टेकून होते. हात काखेत.

दोन मिनिटं गेली. मिस्त्री मूठ उपटायला निघाला. “बर्फ धरला असेल,” म्हणत त्यानं वाफाळतं पाणी मुठीवर ओतलं. काही झालं नाही.

चार मिनिटं. सुनेचे दात वाजत होते. बाईंनी शाल तिच्या खांद्यावर टाकली. त्यांच्या स्वतःच्या बोटांना आता काही जाणवत नव्हतं. खोटं बोलून या पोरीला इथे आणलं, हे त्यांना टोचत होतं.

सहा मिनिटं. काकांनी चौथ्यांदा मोबाइल काढून पाहिला. चेहरा राखेसारखा झाला होता. नजर एकदा दाराकडे, एकदा त्या कोपऱ्यातल्या पोत्यांकडे जात होती.

“सरका,” ते अचानक म्हणाले.

त्यांनी मिस्त्रीच्या हातातली किटली ओढली. मुठीकडे पाहिलंही नाही. गुडघ्यांवर बसले, दाराच्या तळाची रबरी पट्टी उचलली आणि तिच्यामागे, कोणाला न दिसणाऱ्या कड्यावर उरलेलं पाणी ओतलं. दहापर्यंत मोजावं इतका वेळ थांबले. मग वर हात करून मूठ दाबली.

दार उघडलं.

बाहेर इन्स्पेक्टर उभे होते. हातात घड्याळ, शेजारी दोन शिपाई.

“आठ मिनिटांनी मी बाहेरून उघडणारच होतो,” ते म्हणाले. “बाहेरच्या मुठीचा दांड्याशी संबंध नाही.”

शेडमधल्या उन्हात बाकावर सगळ्यांना बसवून बाई बोलायला लागल्या. आवाज अजून कापत होता.

“मरायला गेलेला माणूस पोती पांघरत नाही. आणि तळहात फक्त मनगटाकडे निळे पडले, कारण मास्तर मूठ दाबत होते. कितीतरी वेळ. म्हणजे काल दांडा चालत नव्हता आणि आज सकाळी चालत होता. मधल्या वेळात त्याला सोडवलं कोणी? गरम पाण्यानं काय सुटतं, ते या कारखान्याच्या प्रत्येक पाकिटावर छापलंय. दांडा तीन कड्यांतून जातो. सगळ्यात खालच्या कड्यात ‘पाहुणा’चा गोंद भरला होता. त्या बर्फात मला त्याचा धागा मिळाला.”

“गोंद कोणीही भरेल,” काका म्हणाले. “पाणी तर हिनं आणलं.”

“आणलं यांनी. मागवलं तुम्ही. आणि शेकायला हवं तर पाणी कोपऱ्यात सांडायला पाहिजे होतं, मास्तर तिथे होते. ते ओतलं गेलं दाराशी. तरी तुमच्या दोघांच्या बोलण्यात फरक होता, कोणाचं धरायचं? म्हणून आत्ता तिथे गोंद मी भरला. या दोघांना वाटलं, मूठ अडली. मिस्त्रीनं पाणी ओतलं तेही मुठीवर. कुठलं कडं धरलंय हे न बघता सांगू शकणारा माणूस एकच निघाला.”

“मला यातून काय मिळणार होतं?”

“तुमचं नाव राहिलं असतं. अर्जात पंचेचाळीस मिनिटं लिहिलंय. मी ढवळून पाहिलं. नवव्या मिनिटाला भांड्यात दगड झाला, चमचा अजून त्यातच आहे. मूळ कागदावर चार, आडवी रेघ आणि पाच असणार. टाइप करताना रेघ गळली. जिनं गोंद केला तिला ती चूक माहीतसुद्धा नव्हती. तुम्ही मात्र अर्ज पाठ करून आला होतात. खोटं नाव तुमचं. मास्तर ते काढायला निघाले होते, आणि तुमच्या सहीशिवाय विक्री होणार होती किंवा मुळीच होणार नव्हती.”

काकांनी गुडघ्यावरचं पाणी झटकलं.

“गाडी चुकावी एवढंच होतं मनात,” ते शेवटी म्हणाले. “तासभर आत बसला असता. मग मी येऊन उघडलं असतं.”

“मग का नाही उघडलं?”

“आलो होतो. साडेचारला.” त्यांनी तोंड पुसलं. “बाहेरच्या मुठीवर हात ठेवला. दार थरथरत होतं. दादा आतून मारत होता. वाटलं, उघडलं की तो माझ्याकडे बघेल. ते नको होतं मला. घरी गेलो.”

मिस्त्री उठला आणि शेडबाहेर निघून गेला. सुनेनं काकांकडे पाहिलं नाही. ती शालीचं टोक मुठीत घट्ट धरून बसली होती.

शिपाई काकांना घेऊन गेल्यावर बाई तिच्याजवळ आल्या. “आत मी तुम्हाला फार त्रास दिला. माफ करा.”

“बाबांना तो वेळ किती मोठा वाटला असेल ते कळलं,” ती म्हणाली. “कळायला हवं होतं.” मग हळूच म्हणाली, “मला माहीत होतं हो, काकांचं नाव खोटं आहे. पण या फाटकाच्या आत मला त्यांच्याशिवाय आणि बाबांशिवाय होतं कोण? बाबाच म्हणाले, मी बघतो.”

इन्स्पेक्टर वही घेऊन समोर बसले. जबाब घ्यायचा होता. नाव लिहून झालं, वय लिहून झालं. व्यवसायाच्या पुढे त्यांनी सवयीनं ‘घरकाम’ लिहायला घेतलं.

“ते खोडा,” सून म्हणाली. “संशोधक लिहा.”

इन्स्पेक्टरांनी बाईंकडे पाहिलं. मग शब्द खोडला आणि वर नवा लिहिला.

“हं,” ते म्हणाले. “आता सुरुवातीपासून सांगा.”