सगळ्यांना राणी म्हणणारा केईतो

काबुकिचो या रात्रभर जागणाऱ्या वस्तीत दुपारचे चार वाजले की पुरुषांची नटायची वेळ होते. बायकांनी बाजूला उभं राहून शिकावं असं नटणं. केईतो त्या दिवशीही नेहमीसारखा साकुमा मावशींच्या केस बसवायच्या दुकानात शिरला. अंगात चंदेरी सूट, कंबर वीतभर, सदऱ्याची वरची तीन बटणं उघडी, पायात बगळ्याच्या चोचीसारखे बूट. खरं नाव मोरिओ कुरामोची. बाप दूर उत्तरेला आकितात कांद्याची पात पिकवतो. पण पातवाल्याच्या पोराशेजारी बसून कोण बाई शॅम्पेन पिणार? म्हणून केईतो.

बायका पैसे मोजून देखण्या पुरुषांशेजारी बसतात, त्या क्लबात आज त्याचा वाढदिवस होता. माईक हातात घेऊन तो काय बोलतो, त्यावर त्याचा पहिला नंबर राहणार की जाणार हे ठरायचं होतं. रूप काय, त्या गल्लीत दगड मारला तर रूपवानालाच लागतो. केईतोची दौलत गळ्यात होती. मधात घोळलेला आवाज. त्या आवाजात "राणी" म्हटलं की बाई विरघळलीच. आणि राणी तो सगळ्यांनाच म्हणे. धंद्यातली पहिली शिकवणच ती: बाईला नावानं हाक मारायची नाही, एकीसमोर दुसरीचं नाव तोंडातून निसटलं तर मेलास. केईतो त्याच्याही पुढचा शहाणा. त्यानं नावं लक्षात ठेवणंच सोडलं होतं.

मावशींकडे चार वर्षं त्याचे केस बसवणारी मुलगीही राणीच. एकेक बट उलट्या फणीनं फुगवून ती त्याच्या डोक्याचं असं साळिंदर करी की माशी बसली तर तिथंच चिकटून मरेल. रंगाच्या औषधानं तिची बोटं भेगाळली होती. त्या बोटांना फुंकर घालत, आपण दोघं घर करू, असं त्यानं तिला कितीदा सांगितलं होतं. गेल्या महिन्यात न्यूमोनियानं ती गेली. अंत्यविधीला मावशी त्याला म्हणाल्या, तुझ्यावर जीव होता पोरीचा, एकदा नावानं हाक मार आणि निरोप दे. केईतो फोटोसमोर उभा राहिला. नाव आठवेना. पाटीवर बघितलं, तर तिथं मेलेल्या माणसाला भिक्षू देतो ते नवं नाव. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "राणी, नीट झोप." पुढं क्लबात त्यानं हाच किस्सा हावभाव करून सांगितला आणि टाळ्या घेतल्या.

तर त्या दुपारी मावशींनी तिसऱ्या खुर्चीकडे बोट केलं आणि त्या आत रंग कालवायला गेल्या. स्प्रे डोळ्यांत जातो म्हणून केईतोनं डोळ्यांवर टॉवेल घेतला. थोड्या वेळानं डोक्यात बोटं शिरली. गार. फिरता फिरता कातडीला खरखरीत लागणारी.

त्यानं नेहमीच्या लाडिक सुरात विचारलं, नवीन आलीस का गं, राणी. फणी चालत राहिली. स्प्रेचा गोड वास आला, त्याखालून उदबत्तीचा, आणि त्याच्याही खालून विझलेल्या राखेचा. रस्त्यावरचा गलका कुणीतरी दार लोटावं तसा बंद झाला. मग कानाशी, अगदी हळू…

"माझं नाव काय?"

केईतो हसला. हसू अर्ध्यावर गोठलं. खुर्चीतून उठायला गेला, तर केस मुठीत.

"राणी…"

"नाव."

"तोशिको?"

एक बट वर ओढली गेली, पिळली गेली, फवारली गेली. फस्स.

"हानाए… नाही, थांब… मात्सुए…"

फस्स. फस्स. प्रत्येक चुकल्या नावासरशी गळ्यातलं काहीतरी दोरा उसवावा तसं निघत होतं. दहाव्या नावाला आवाज घोगरा झाला. विसाव्याला नुसती कुजबुज. मावशींना हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, तर नुसता वारा.

टॉवेल फेकला. आरशात मागं कुणी नव्हतं. केस मात्र असे बसले होते की जन्मात बसले नव्हते.

क्लबात नव्वद बायका ग्लास धरून उभ्या. केईतोनं माईक तोंडाशी नेला आणि त्यातून स्प्रेच्या डब्यासारखं फस्स झालं. एक हसली. मग सगळ्या हसल्या. पहिला नंबर त्याच संध्याकाळी दुसऱ्याकडे गेला, आणि केईतो आकिताला. पातीला आवाज लागत नाही.

मावशींचं दुकान चालू आहे. फक्त तिसऱ्या खुर्चीचा ड्रायर रोज चारला बोलतो. मधात घोळलेला आवाज, पण रडवेला. एकामागून एक बायकांची नावं घेतो… "योशिनो? कानाए? सुमिए?…" आणि प्रत्येक नावापुढे जरा थांबतो. दुकानातल्या पोरींना गेलेल्या मुलीचं खरं नाव ठाऊक आहे. एकीला दया आली. तिनं मावशींना विचारलं, सांगून टाकू का त्याला, सुटेल बिचारा.

मावशी कात्री पुसत होत्या. "चार वर्षं त्याचे केस बसवले ना तिनं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "विचारू दे अजून चार."

पोरीनं मान डोलावली आणि ड्रायर बंद करायला गेली. त्याची वायर भिंतीतल्या प्लगपासून हातभर लांब, जमिनीवर पडली होती.