उसनी छत्री

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी तिच्या खुर्चीवर चिठ्ठी चिकटवायला गेलो होतो, आणि ती त्याच खुर्चीवर बसून शिवत होती.

"जरा उठता का?" मी म्हणालो.

"एवढी कड संपू दे."

"खुर्चीला नंबर लावायचाय हो."

"मग मागच्या बाजूला लावा. नाहीतर मलाच लावून टाका... एकदाच काय ते होऊन जाईल."

हे बोलताना तिने मान वर केली नाही. मी मागे वाकून खुर्चीच्या पाठीला चिठ्ठी लावली. तिच्या केसांत पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा अडकला होता. काढावासा वाटला. पण ते काही माझं काम नव्हतं.

माझं काम वेगळंच होतं. ज्याचं दिवाळं निघालं त्याच्याकडे सरकारी साहेबांबरोबर जायचं. साहेब एकेक वस्तू बघून किंमत सांगायचे, मी तिच्यावर नंबराची चिठ्ठी लावायचो, आणि पुढे ठरल्या दिवशी तो माल उचलून लिलावाच्या हॉलमध्ये नेऊन मांडायचो. लोक रडायचे, शिव्या द्यायचे. काही जण पाहुणे आल्यासारखे चहा करायचे. शिवत बसलेलं मात्र मी कुणाला पाहिलं नव्हतं.

तिचं पडद्यांचं दुकान होतं. एका नव्या हॉटेलने सगळ्या खोल्यांचे पडदे तिला सांगितले. तिने कर्ज काढून यंत्रं घेतली, कापड उधारीवर उचललं, थोरल्या भावाकडूनही पैसे घेतले. पडदे तयार झाले आणि हॉटेल उघडण्याआधीच बंद पडलं. मालक कुठे गेला ते कुणाला ठाऊक नव्हतं. पडदे दुकानात तसेच राहिले.

साहेब निवृत्तीला आलेले होते. आवाज कोरडा, माणूस वाईट नाही. त्यांनी तिला नेहमीचं सगळं सांगितलं. "अंथरूण, भांडी, कपडे तुमचे. पोटापाण्यासाठी एक यंत्र तुमचं. बाकी जाईल. वर्षभर कमाईतला ठरलेला भाग माझ्याकडे भरायचा. उधार काही घ्यायचं नाही. कुणी काही दिलं, भेट असो, वारसा असो, लॉटरी असो, ते मला सांगायचं. ते तुमचं नाही, घेणेकऱ्यांचं. सगळं सरळ झालं तर वर्षाने मुक्ततेचा कागद मिळेल. काही लपवलंत, तर किती वर्षं लागतील ते मी सांगू शकणार नाही."

"लॉटरी लागण्यासारखं नशीब असतं तर तुम्ही आला असता का?" ती म्हणाली.

साहेब हसले नाहीत. मी हसलो, आणि साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी मी एक मूर्खपणा केला. मागच्या खोलीत कोपऱ्यात कापडाच्या कडा बांधायचं ओव्हरलॉकचं यंत्र होतं. साहेबांचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. मला वाटलं, एका यंत्रावर ही बाई काय कमावणार? मी त्याच्यावर कापडाचा एक गठ्ठा टाकला आणि चिठ्ठी न लावताच बाहेर आलो.

आम्ही रस्त्यावर आलो तोच मागून हाक आली.

"अहो... चिठ्ठीवाले!"

ती धावत आली होती. धाप लागलेली, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच. "एक यंत्र राहिलं तुमचं."

साहेबांनी नुसतं दुकानाकडे बोट दाखवलं. मी मुकाट्याने परत गेलो, गठ्ठा बाजूला केला आणि चिठ्ठी लावली. ती दारात उभी होती.

"मुद्दाम ठेवलं होतंत ना?"

मी चिठ्ठीच्या कडा दाबत राहिलो.

"उद्या कुणाच्या लक्षात आलं असतं, तर लपवलं कुणी? मीच. तुमचं काय... तुम्ही दुसऱ्या दुकानात चिठ्ठ्या लावत असता." मग जरा हळू म्हणाली, "दया करायची तर विचारून करावी माणसाने."

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं तर चुकलं. तोंड एवढं पाडू नका, दिवाळं माझं निघालंय."

लिलावाच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. पत्र्यावर एकसारखा आवाज. अशा दिवशी गिऱ्हाईक कमी येतं आणि माल पडत्या भावाने जातो. ज्याचा माल असतो तो माणूस सहसा येत नाही, ती आली. सगळ्यात मागच्या बाकावर बसली, आणि एकेक यंत्र गेलं तशी हाताची बोटं मिटत गेली. शेवटी दोन्ही मुठी मांडीवर.

पडदे कुणी घेतले नाहीत. हॉटेलच्या खिडक्या जमिनीपासून छतापर्यंत होत्या. एवढ्या लांबीचे पडदे साध्या घरात लावायचे कसे? एक जण म्हणाला, "दोन मजले एकाच पडद्यात झाकायचे असतील तर घेतो." लोक हसले. मी मागे पाहिलं नाही.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "टाकून दे ते."

"त्यांना दिले तर?"

"ज्याची काही किंमत नाही ते कुणालाही दे. पण एक ऐक. तिचं काम आपल्याकडे आहे तोवर तिच्या घरात पाऊल टाकायचं नाहीस. पाण्याचा घोटसुद्धा नाही. कळलं?"

"मी काय केलं?"

"अजून काही नाही. म्हणूनच सांगतोय."

दुकान गेल्यावर तिने एक लहान खोली घेतली होती. मी पडदे दाराबाहेर ठेवले. ती भिजून आली होती. तिची छत्री वाऱ्याने उलटी झाली होती, दोन काड्या तुटलेल्या.

"ही घ्या," मी माझी पुढे केली.

"नको. भेट घेतली की साहेबांना सांगावं लागतं."

"छत्री कसली भेट?"

"वस्तू आहे. किंमत आहे." तिने छत्री हातात घेऊन उघडली, मिटली, काड्या तपासल्या. "चांगली आहे हो. मुळीच घेता येणार नाही."

"मग उसनी घ्या. तुमची होणारच नाही ती. पाऊस थांबला की मी न्यायला येईन."

ती दुसऱ्या दिवशी खरोखर साहेबांकडे गेली आणि विचारून आली. साहेब म्हणाले, "उसनी वस्तू तुमची मालमत्ता नाही. मात्र परत गेली पाहिजे." एवढं बोलून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लवकर गेली पाहिजे."

असं ते सुरू झालं. आभाळ भरून आलं की मी छत्री द्यायला जायचो. उघडलं की परत आणायला जायचो. कधी सकाळी देऊन दुपारी आणायचो. इतकी वर्षं पावसाने मला वैताग आणला होता, माल भिजतो म्हणून. त्या वर्षी मी उठल्याबरोबर खिडकीतून वर बघायचो.

आत मी कधी गेलो नाही. ती दारात, मी बाहेर जिन्याच्या कठड्याला टेकून. तिथूनच तिचं ते वर्ष पाहिलं.

दिवाळं निघालं की माणसाला वाटतं, सगळ्यात वाईट दिवस म्हणजे सामान जाण्याचा. तसं नसतं. तिच्या बँकेत खिडकीमागच्या मुलीने तिचं कार्ड तिच्यासमोर कात्रीने कापलं आणि "सॉरी हं" म्हणाली. ते "सॉरी हं" तिला फार लागलं. पेपरात नाव आलं. कोपऱ्यावरचा दुकानदार आधी पैसे मागायला लागला. घरमालकाने भाडं वाढवलं, कारण आता हिला दुसरीकडे खोली कोण देणार? एका यंत्रावर ती उशांचे अभ्रे शिवायची, कपडे आखूड-लांब करून द्यायची, त्यातला भाग दर महिन्याला साहेबांकडे भरायची. आणि दादा... तिचा थोरला भाऊ. इतर घेणेकऱ्यांसारखा त्यालाही लिलावातला तुटपुंजा वाटा मिळाला. त्याने फोन करणं बंद केलं.

"शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं," ती एकदा म्हणाली. "वहिनी रस्त्यात भेटली. कशी आहेस म्हणाली. एवढंच."

मी म्हणालो, "तुमच्या केसांत दोरा आहे."

"कुठे?"

"तिथे नाही... डावीकडे. नाही, वर."

"काढा की मग."

"आत यायला मनाई आहे."

"डोकं बाहेर काढू?" म्हणत तिने खरंच डोकं दाराबाहेर काढलं. मी दोरा काढला. बोटाला केस लागले. तिने डोकं आत घेतलं. मग म्हणाली, "हा दोरा ठेवलात तर साहेबांना सांगावं लागेल मला. माझी मालमत्ता आहे ती."

"किंमत किती?"

"तुम्हीच लावा. चिठ्ठीवाले तुम्ही."

मी दोरा खिशात घातला.

पुढे पाऊस संपला. मला यायला निमित्त उरलं नाही. काही दिवस गेलो नाही. मग एका कोरड्या, कडक उन्हाच्या दुपारी ती आमच्या हॉलच्या दारात उभी राहिली.

"छत्री आहे का?"

"ऊन आहे."

"म्हणूनच. ऊन फार आहे."

साहेब आत बसले होते. त्यांनी पेपर वर धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

मुक्ततेचा कागद साध्या टपालाने आला. मला वाटलं होतं, साहेब बोलावतील, निदान हात तरी मिळवतील. पोस्टमन कागद दारात टाकून गेला. मी पोचलो तेव्हा ती तो मांडीवर घेऊन बसली होती आणि बाहेर पाऊस पडत होता.

"सुटले मी," ती म्हणाली. "वाटत मात्र काही नाही. तुम्हाला काही वेगळी दिसते का?"

"नाही."

"खोटं तरी बोलायचं."

मी उंबऱ्याबाहेरच उभा होतो. छत्री मिटली. वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. "आता कुणाला सांगायला नको. ही... ही आता तुमचीच. ठेवून घ्या."

तिने छत्रीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"नको."

"का?"

"दिलीत तर... न्यायला कोण येणार?"

मी पुढे केलेली छत्री मागे घेतली.

"आत या आता," ती म्हणाली. "पाय कोरडे करून या. आणि नीट विचार करून या. मला कर्ज कुणी देणार नाही, दुकान पुन्हा होईल का माहीत नाही. दादाचे पैसे कायद्याने बुडाले, पण मी फेडणार आहे. जन्म जाईल त्यात. असल्या बाईबरोबर घर मांडायचं म्हणजे..."

"यंत्राला चिठ्ठी लावायची राहिली होती," मी म्हणालो, "ते सांगायला तुम्ही धावत आलात. माझं तेव्हाच ठरलं होतं."

"मग वर्षभर कठड्याला का टेकून होतात?"

"साहेबांनी सांगितलं होतं."

"साहेबांनी!" ती हसली. तिला मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी आत गेलो.

घर आम्हाला मोठं कधीच घेता आलं नाही. कर्ज नाही म्हणजे घर नाही. खिडक्या लहानच राहिल्या. हॉटेलचे पडदे तिने त्याच खिडक्यांना लावले, तळाशी दुमडून, न कापता. "कापले की संपलं," म्हणायची. दादाला ती दर महिन्याला पैसे नेऊन द्यायची. पहिली काही वर्षं तो दारातूनच घ्यायचा. पुढे एकदा आत येऊन बस म्हणाला. त्या दिवशी ती घरी येऊन खूप रडली आणि मग जेवली.

छत्री माझीच राहिली. ती बाहेर निघाली की विचारायची, "उसनी नेऊ का?" मी म्हणायचो, "परत आणा." सगळं आयुष्य आम्ही हे बोलत आलो. कापड दोनदा बदललं, दांडा तोच.

शेवटी ती दवाखान्यात गेली तेव्हाही पाऊस होता. गाडीपर्यंत तिने छत्री स्वतः धरली. दवाखान्याच्या दारात पोचल्यावर तिने ती मिटली, पाणी झटकलं, आणि माझ्यापुढे केली.

"घ्या तुमची."

"असू दे तुझ्याजवळ. येताना लागेल."

"नको. कुणाचं उसनं ठेवून जायचं नाही मला."

"अगं, तुझीच आहे ती. कधीपासूनची."

"नाही हं," ती म्हणाली. "आपलं ठरलं होतं."

मी घेतली. तिच्या हाताची ऊब दांड्याला होती. मग तिला आत नेलं.

आज सकाळपासून पाऊस आहे. छत्री दाराशी कोरडी उभी आहे.