मेवा काळी का पडली?

“बोट खाली! तोजो, आधी ते बोट खाली घे!”

रिवो मामांच्या गर्जनेने त्यांच्याच हातातला चहाचा पेला हिंदकळला. दहा वर्षांच्या तोजोने पुढे केलेले बोट घाईघाईने दुमडले. शॅमेलिऑनकडे, त्या रंग बदलणाऱ्या सरड्याकडे, सरळ बोट करणे ही फादी, म्हणजे पूर्वजांनी घालून दिलेली मनाई. दाखवायचेच असेल तर बोट पेरात वाकवून दाखवावे, हे मादागास्करात रांगत्या पोरालाही ठाऊक असते.

“पण बाबा, मेवा काळी पडलीय! सोआफीताईला दाखवायला नको?”

बारा वर्षांची सोआफी दोन दिवसांचा प्रवास करून किनाऱ्यावरच्या आंबांजाहून आंत्सिराबेला, मामांच्या हॉटेलात, सुट्टीसाठी येऊन पोहोचली होती. खांद्यावरची थैलीसुद्धा तिने अजून उतरवली नव्हती. दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीसमोर ती तशीच उभी राहिली.

करंगळीएवढी असल्यापासून तिने मेवाला आपल्या परसातल्या झाडांवर वाढवले होते. गेल्या सुट्टीत मामांनी फार गळ घातली, म्हणून तिने ती त्यांच्या स्वाधीन केली. तेव्हा मेवाचा रंग पिकल्या पपईसारखा होता. आज पेटीत बसलेला जीव कोळशासारखा काळा होता, अंगावर नारिंगी ठिपके उठले होते आणि भर सकाळी त्याचे डोळे मिटलेले होते.

“मामा, शॅमेलिऑन दिवसा कधीच डोळे मिटत नाही. ती आजारी आहे.”

“आजारी नाही, शापित आहे!” मामा म्हणाले. “त्या बेमा माळ्याने पाहुण्यांना सरळ बोट करून दाखवली असणार. शनिवारी पर्यटन खात्याचे साहेब येताहेत, आणि माझ्या दिवाणखान्यात हे काळं अशुभ! बेमाला सांगून टाकलंय मी, शनिवारी सकाळी गाशा गुंडाळायचा.”

“बेमाबाबांना? अहो, वीस वर्षं बाग सांभाळलीय त्यांनी!”

“किनाऱ्यावरच्या पोरींनी आम्हाला शिकवू नये. हात धू आणि भात खा.”

ज्या प्राण्याकडे रिवो मामांनी वर्षभरात एकदाही नीट पाहिले नव्हते, त्याच्याविषयी त्यांचे मत मात्र ठाम होते. अशा माणसांची मते नेहमीच ठाम असतात. वापरात येत नसल्यामुळे ती झिजत नाहीत.

सोआफीने हात धुतले नाहीत आणि भातही खाल्ला नाही. मामांची दोन्ही मुले, तोजो आणि तेरा वर्षांची मिओरा, यांना घेऊन ती थेट बागेत गेली.

बेमाबाबा अंगाभोवती जाड शाल लपेटून कोबीच्या वाफ्यांवरचे दहिवर झाडत होते. मादागास्करात जुलै म्हणजे भर हिवाळा; थंडीने त्यांचे ओठ फुटले होते.

“बाबा, खरं सांगा,” मिओराने वही उघडली, “तुम्ही मेवाकडे सरळ बोट केलंत?”

म्हाताऱ्याने उजवा हात पुढे केला. त्याची तर्जनी मधल्या पेरात वाकलेली होती, एखाद्या आकड्यासारखी.

“सरळ करा की!” तोजो म्हणाला.

“तूच कर, बाळा. तरुणपणी बैलगाडीच्या चाकात सापडलं. तेव्हापासून ते कुणाच्या बापाला सरळ झालेलं नाही.”

तोजोने दोन्ही हातांनी जोर लावून पाहिला. बोट तसूभर हलले नाही!

“आणि डाव्या हाताने?”

“डाव्या हाताने कुणाला काही दाखवतात होय रे, उद्धटा? तुला काय शिकवलंय शाळेत?”

“मग तुम्ही हे बाबांना सांगितलं का नाही?” मिओरा चिडून म्हणाली.

“मालकांनी विचारलं नाही, पोरी. त्यांनी फक्त सांगितलं.”

सोआफी त्या बोटाकडे पाहत राहिली. वीस वर्षे रोज सकाळी ज्या हाताने फुलदाणी भरली, त्या हाताचे बोट वाकडे आहे हे त्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाने पाहिले नव्हते! अशा माणसांना मेवाचे दुखणे कुठून दिसणार?

“मेवा काळी कधीपासून पडली?” तिने विचारले.

“फरशी बसवली, त्यानंतर पाच-सहा दिवसांत.”

“कसली फरशी?”

“पेटीच्या तळाशी मी हातभर माती ठेवत होतो, तू मेवाबरोबर दिलेल्या कागदात लिहिल्याप्रमाणे. साहेब यायचे म्हणून मालकांनी ती काढायला लावली. माती गलिच्छ दिसते म्हणे! पांढरीशुभ्र फरशी बसवली. सकाळी मी तिला उन्हात नेत असे, तेही बंद केलं. पानांवर पाणी टपकवायचो, तर पेटीत चिखल होतो म्हणून तिला चांदीची वाटी दिली.”

“चांदीची वाटी!” सोआफी तिरस्काराने म्हणाली. “शॅमेलिऑन वाटीतलं पाणी पीत नाही. पानावरून ओघळणारा थेंबच चाटते. तहानेने मेली तरी वाटीकडे बघणार नाही ती.”

“गेल्या बुधवारी पेटी पुसताना निसटली,” बेमाबाबा आठवून म्हणाले, “ती थेट व्हरांड्यातल्या नेच्याच्या कुंडीत. माती उकरत बसली होती. कुंडी मीच उकरली असं समजून मालक मलाच बोलले.”

“उकरत होती?” सोआफी ताडकन उठली. “चला!”

दिवाणखान्यात सामसूम होती. सोआफीने पेटीचे दार उघडले. चकचकीत फरशीच्या चारही कोपऱ्यांत बारीक ओरखडे होते. कुणीतरी दिवसचे दिवस तिथे नखे घासली होती. तिने अलगद हात पुढे केला. मेवा तिच्या बोटांवर चढली खरी, पण एके काळी चिमट्यासारखी घट्ट असणारी ती पकड आज सैल पडली होती. डोळे आत ओढलेले होते. पोटाच्या दोन्ही बाजूंना, शेंगेतल्या दाण्यांसारखे, उंचवटे दिसत होते.

“अंडी!” सोआफी कुजबुजली. “अगं, हिच्या पोटात अंडी आहेत! अंडी धरली की मादी अशीच काळी होते, असेच नारिंगी ठिपके उठतात. आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. हिला उकरायला माती हवी होती, आणि मामांनी दिली फरशी!”

“पण इथे नर कुठाय?” तोजोने डोके खाजवले.

“मागच्या परड्यात कोंबडा कुठाय?” मिओराने उलट विचारले. “तरी रोज आम्लेट हाणतोसच ना?”

तोजो बोटांवर आम्लेटं मोजू लागला.

“जागा मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते,” सोआफी म्हणाली. “आणि फार दिवस अडवली तर मरते.”

मामांना हे सांगण्याचा प्रयत्न तिघांनीही केला. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“काचेच्या पेटीत, नराशिवाय, अंडी! ऐकलंत का रे?” त्यांनी आचाऱ्याला आणि वाढप्याला बोलावून घेतले. “विद्वानांची टोळी आलीय आपल्याकडे! ते राहू द्या. हे अशुभ माझ्या छपराखाली मरता कामा नये. आजच गावाबाहेर नेऊन ठेवा. कोण नेतंय?”

आचाऱ्याने आपल्या बुटांकडे पाहिले. वाढप्याने आचाऱ्याच्या बुटांकडे पाहिले. मामांनी खिडकीबाहेर पाहिले. एवढ्या एवढ्याशा जिवाला हात लावायची तीन धडधाकट पुरुषांची छाती होईना!

डोंगरावरच्या एका रात्रीच्या थंडीत मेवा गोठून मेली असती, हे सोआफीला समजत होते. पण तिला आणखीही एक गोष्ट समजली, आणि ती समजताच तिने नजर खाली वळवली; डोळ्यांतली चमक मामांना दिसू नये म्हणून.

“आम्ही नेतो, मामा. गावाबाहेर.”

“शहाणी मुलगी!” मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “शालीत गुंडाळ, आणि इकडे आणू नकोस.”

डॉक्टर हांतांचा गोठा गावाबाहेरच होता. तेव्हा सोआफी एका शब्दानेही खोटे बोलली नव्हती.

चाळीस वर्षे गाईगुरांवर उपचार करून डॉक्टर हांता निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा दरारा निवृत्त झाला नव्हता. हातरिक्षातून उतरलेल्या तिघांना त्यांनी दारातच अडवले.

“दारं लावा, गारवा येतो. नाव सांगा. रडू नका. काय आहे शालीत?”

त्यांनी मेवाचे डोळे पाहिले, पकड पाहिली आणि पोटावरून एक बोट हलकेच फिरवले.

“रिवोने मला का बोलावलं नाही?”

“ते म्हणतात, तुम्ही गुरांच्या डॉक्टरीण,” तोजो उत्तरला.

“तरीच त्याला माझी गरज वाटली नाही. खरं तर सगळ्यांत आधी त्यालाच मी लागते.” मग त्या सोआफीकडे वळल्या. “वासरं मी शेकडो ओढून काढली. हिचं बाळंतपण मात्र मी केलेलं नाही, आणि न येणारी गोष्ट येते म्हणून सांगायची मला सवय नाही. तुमच्याकडे काय करतात?”

इतक्या मोठ्या माणसाने आपल्याला प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी, हे सोआफीला नवे होते. तिने खोल श्वास घेतला.

“खोल बादली लागेल. त्यात हातभर ओलसर वाळू. बोटाने बीळ केलं तर ते ढासळता कामा नये. ऊब हवी. पानांवर थेंब थेंब पाणी. आणि कुणी बघायचं नाही. कुणी बघतंय असं वाटलं, तर ती अंडी घालत नाही.”

“ऐकलंत ना? मग उभे काय राहिलात? वाळू!”

गोठ्याच्या उबदार कोपऱ्यात, खिडकीतून ऊन येत होते तिथे, बादली ठेवली गेली. तळाला भोक पाडलेला डबा फांदीवर टांगला. मेवा बराच वेळ निश्चल राहिली. मग एक थेंब तिच्या नाकावर पडला, तिने जीभ काढली आणि ती प्यायली. किती वेळ प्यायली! सोआफीने सभोवार शाल टांगली.

“उद्या दुपारपर्यंत वाट पाहू,” डॉक्टर हांता बाहेर येऊन म्हणाल्या. “नाही जमलं तर सुई द्यावी लागेल. इतक्या अशक्त जिवाला ती सोसेलच असं मी सांगत नाही.”

शुक्रवारी सकाळी तिघेही गोठ्याबाहेर बसून होते. समोरचे अप्प्यांसारखे तांदळाचे मोफो निवून दगड झाले.

“मी नुसता एक डोळा—” तोजो म्हणाला.

“बस खाली!”

“शॅमेलिऑनला दोन्हीकडे बघता येतं आणि मला एकीकडेही बघू देत नाही तुम्ही!”

“तोजो,” आतून डॉक्टरांचा आवाज आला, “माझ्या गाईंना तुझ्या बडबडीने दूध चोरायची सवय लागेल.”

ऊन खिडकीतून सरकत बादलीच्या पलीकडे गेले. दुपार झाली. डॉक्टर हांतांनी सुईची पेटी उचलली आणि सोआफीला खूण केली. सोआफीने शाल बाजूला केली.

वाळू सपाट होती. वर नखांनी नीट थापून बसवलेली! आणि फांदीवर मेवा बसली होती: चिपाडासारखी बारीक, नाकाला वाळू लागलेली, पण डोळे टक्क उघडे. एक डोळा सोआफीकडे, दुसरा डब्यातल्या थेंबाकडे. तिच्या पाठीवर पपईचा रंग हळूहळू परतत होता.

“एकवीस!” वाळू उकरून मिओरा ओरडली. “एकवीस अंडी!”

डॉक्टर हांतांनी गाईंना द्यायची चुन्याची पूड चिमूटभर घेतली, तीन नाकतोडे तिच्यात घोळले आणि स्वतः मेवापुढे धरले. सट्! सट्! सट्! तिन्ही नाकतोडे नाहीसे झाले. सुईची पेटी बंद झाली.

शनिवारी सकाळी हॉटेलच्या फाटकाशी बेमाबाबा गाठोडे घेऊन उभे होते. डॉक्टर हांतांनी त्यांच्या हातातले गाठोडे काढून तोजोकडे दिले आणि सगळ्यांना घेऊन त्या दिवाणखान्यात शिरल्या. तिथे रिवो मामा साहेबांना रिकाम्या पेटीची हकिगत सांगत होते.

“...माळ्याने सरळ बोट केलं, साहेब, आणि आम्ही एका सुंदर प्राण्याला मुकलो.”

“बेमा, बोट दाखव,” डॉक्टर म्हणाल्या.

बेमाबाबांनी ते वाकडे बोट वर धरले. साहेबांनी वाकून पाहिले. आचाऱ्याने पाहिले. वीस वर्षांनंतर मामांनीही पाहिले.

“हे सरळ होत नाही, रिवो. लहान मुलांच्या लक्षात आलं. तुझ्या का नाही आलं?” असे म्हणून डॉक्टर कोपऱ्यातल्या पियानोला टेकल्या, आणि पियानो डुगडुगला. तोजो सवयीने खाली वाकला व पियानोच्या पायाखाली टेकण म्हणून घातलेली कागदाची घडी सरळ करू लागला.

“सोआफीताई, हे तुझं अक्षर!”

मिओराने कागद उलगडून खणखणीत आवाजात वाचला: “ऊन, पानांवरून टपकणारं पाणी, पायाखाली माती. हे नसेल तर मेवा जगणार नाही.”

सोआफीने शाल बाजूला सारली. तिच्या मनगटावर, बोटांना घट्ट धरून, पपईच्या रंगाची मेवा बसली होती.

“हीच! हीच ती, साहेब! ही माझीच!” मामा आनंदाने किंचाळले आणि त्यांचा हात ताठ पुढे झाला. हाताच्या टोकाला त्यांचे बोट होते. भाल्याच्या टोकासारखे सरळ.

आचाऱ्याच्या हातातली बशी खाली पडली. साहेब एक पाऊल मागे सरले. मामांनी सगळ्यांच्या नजरा पाहिल्या, मग आपले बोट पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग मेवालाही जमला नसता इतक्या झपाट्याने बदलला.

बेमाबाबा पुढे आले. त्यांनी आपल्या आकड्याने मामांचे बोट हळूच मधल्या पेरात वाकवले.

“असं, मालक.”

“बेमा,” मामांच्या तोंडून कसेबसे निघाले, “तू... राहा. आणि सोआफी, मेवाला पेटीत... माती घालू आपण. हातभर.”

“दोन आठवडे ती डॉक्टरांकडे राहील आणि मग माझ्याबरोबर घरी येईल,” सोआफी शांतपणे म्हणाली. “पेटीत तुम्ही चांदीची वाटी ठेवा, मामा. तिला माती लागत नाही.”

साहेब खोकल्याच्या निमित्ताने हसले. डॉक्टर हांतांनी सोआफीच्या डोक्यावर हात ठेवला. चाळीस वर्षांत त्यांनी तो फक्त गुरांच्या डोक्यावर ठेवला होता.

“जे दिसतं ते पाहणारी माणसं मला थोडीच भेटली,” त्या म्हणाल्या. “आज तीन भेटली. चला, गाई दुधाने तटल्या असतील.”

फाटकाबाहेर पडताना तोजोने मागे वळून पाहिले. व्हरांड्यात रिवो मामा अजून आपले बोट निरखत उभे होते.

“सोआफीताई, ते बघ!” तो म्हणाला, आणि त्याने त्यांच्याकडे बोट दाखवले. अर्थातच, वाकवून.