वालावलकरांचा अग्निबाण

सकाळी आठच्या सुमारास गुरुदास वालावलकर इंजिनिअर अनवाणीच मालवणच्या चौकीत शिरले आणि म्हणाले, “हवालदार, माझा अग्निबाण चोरीला गेला.”

हवालदार बाबू कांबळी चहा पीत होता. एवढी मोठी वस्तू कोण कशी उचलून नेणार, हेच त्याला आधी कळेना. मग उलगडा झाला. अग्निबाण अजून नकाशातच होता. तीन माणसं आणि चाळीस टन सामान अंतराळात नेईल अशा प्रचंड अग्निबाणाचे कापडावर काढलेले बेचाळीस नकाशे, सहा वर्षांची मेहनत, पेटीतून नाहीसे झाले होते. सोमवारी ते मुंबईच्या परिषदेत मांडायचे होते. दुसरी प्रत नव्हती.

साल १९६४. गोवा सुटून तीन वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे बाजारातल्या गप्पांत तासाभरात दोन पोर्तुगीज हेर पकडूनही झाले. बाबूचा हेरांवर विश्वास नव्हता. परका माणूस आळीत शिरला की इथे आधी त्याचं गाव विचारतात, मग पाणी.

तो वालावलकरांच्या घरी गेला. चुलीत, न्हाणीघरात, परसात कुठेही जळक्या कापडाची राख नव्हती. खोलीत मोठी फळी होती आणि तिच्यावर नकाशा ताणून धरायच्या चार गंजक्या टाचण्या.

“पेटी कुठे असते?”

“मागच्या पडवीत. कुलूप खाऱ्या हवेनं कधीच गंजून गेलं.”

“शेवटचे कधी पाहिलेत?”

“रविवारी. मग तीन दिवस खोलीत आकडेमोड करत होतो. आज बांधाबांध करायला उघडली तर रिकामी.”

“घरात कोण येतं?”

“फक्त मथुरा, धुण्याभांड्याला. तिला अक्षर येत नाही. तिचा नवरा माझ्या कामावर असताना मेला, म्हणून मीच तिला ठेवून घेतलीय.”

बाबूनं मान खाली घातली. ते प्रकरण त्याच्याच हातचं होतं. गेल्या वर्षी सतरा मार्चला तोंडवळीच्या वाळूत वालावलकरांनी लहान नमुन्याची चाचणी घेतली. नमुना फुटला आणि तो घडवणारा दत्ताराम मेस्त्री जागच्या जागी गेला. आराखड्यात खोट नव्हती, मेस्त्रीनं इंधनाजवळ बिडी पेटवली, असं वालावलकरांनी सांगितलं आणि बाबूनं ते मुकाट लिहून घेतलं. तेव्हापासून मथुराला बाजारात ‘बिडीवाल्या मेस्त्रीची बायको’ म्हणत. जिभेला हाड नसतं.

सापडलेला माल ओळखता यावा म्हणून बाबूनं नकाशांचं वर्णन विचारलं, आणि वालावलकरांची गाडी सुटली ती थांबेना. नकाशाचं कापड तलम सुती असतं, त्यावर खळीचा गुळगुळीत थर असतो, शाई त्या थरावरच राहते, म्हणून कापडाला पाण्यापासून जपावं लागतं. मग एकेक नकाशा. चोविसावा ज्वलनकक्षाचा. त्याची भिंत आधी पातळ होती, सांध्यावर दाब सोसत नव्हता. गेल्या वर्षी वीस मार्चला जाडी दुप्पट केली, तशी तारखेनिशी नोंदही नकाशावर केली. लहान नमुनाही याच नकाशांवरून, सगळी मापं सारख्या प्रमाणात लहान करून बनवला होता, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. बाबूनं शब्दन् शब्द उतरवला आणि खाली त्यांची सही घेतली.

मग तो परसात गेला आणि विहिरीजवळच्या धोंडीवर सपशेल आपटला. धोंड बुळबुळीत होती, भोवतीचं पाणी पेजेसारखं पांढुरकं. मथुरा कपडे पिळत होती. तिनं आधार देऊन उठवलं आणि सांगितलं की कोऱ्या कापडाची खळ काढतेय, शेजारच्या सुगंधाच्या नातवासाठी.

बाबू ढोपर चोळत सुगंधाकडे गेला. बारा दिवसांचं मूल पांढऱ्याशुभ्र, लोण्यासारख्या मऊ दुपट्यात झोपलं होतं. आजीबाई मथुराचे गुण गात होत्या. बाबूनं दुपट्याची टोकं उलटून पाहिली. चारी टोकांना एकेक बारीक भोक होतं आणि भोकाभोवती गंजाचं कडं.

दुपारी त्यानं मथुरा आणि वालावलकर दोघांनाही पडवीत बसवलं.

“चोर बाहेरून आला नाही, माल बाहेर विकला नाही, जाळलाही नाही,” तो म्हणाला. “धुण्याच्या टोपलीत कोण बघतो? तीन दिवस तुमचे नकाशे तुमच्याच सदऱ्यांखालून विहिरीवर गेले. खळ निघाली, खळीबरोबर शाई निघाली. उरलं ते कापड, टाचण्यांच्या भोकांसकट. नव्या कापडाची खळ कशी काढायची हे इथल्या प्रत्येक बाईला येतं. ती काढल्यावर तुमचा अग्निबाण राहत नाही, हे तुमच्याच बडबडीतून एकीला कळलं होतं.”

मथुरानं नाकारलं नाही. “मियाच धुतलंय. माझ्या घोवान जल्मात बिडी ओढूक नाय. ह्येंनी तेचा नाव घालवल्यानी, मिया ह्येंचा काम घालवलंय. फिटांफीट.”

वालावलकर पांढरे पडले. बाबूला मात्र पुढचं बोलणं जड गेलं.

“मथुरा, चोविसाव्या नकाशार वीस मार्च तारीख होती. घोव गेल्यार तिसऱ्या दिसाक ह्येंनी भित जाड केल्यानी. म्हणजे आधी ती पातळ होती, ह्येंका म्हायत होता. तोच तुझ्या घोवाचो साक्षीदार होतो, गो. तो तू धुवन टाकलंस.”

वर्षभरात मथुराच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं, ते आता आलं. वालावलकरांच्या चेहऱ्यावर मात्र रंग परतला. नकाशाच नाही तर तारीख कसली, असं ते हळूच म्हणाले.

बाबूनं सकाळचा जबाब उलगडून त्यांच्यापुढे धरला. पातळ भिंत, दाब, वीस मार्च, आणि खाली ठसठशीत सही.

वालावलकरांनी तो दोनदा वाचला. मग त्यांचा आवाज फार गोड झाला. बिचारी विधवा आहे, तिला काय शिक्षा करायची, आपण तक्रार मागे घेऊ, कागदही फाडून टाकू.

बाबू काही बोलायच्या आत मथुरा उठली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं.

“तक्रार मागे घेव नकात,” ती वालावलकरांना म्हणाली. मग बाबूकडे वळली. “हवालदारांनू, चोरी मिया केलंय, माका घेवन चला. माझो खटलो उभो रवांदे. ह्येंचो जबाब कोर्टात सगळ्यांसमोर मोठ्यान वाचूक होयो. मगे माका किती वर्सां होयी तितकी द्या.”

आणि हवालदाराची वाट न बघता ती चौकीच्या रस्त्याला लागली.