अकरा दोन ते अकरा चौदा

स्वप्नाली आली तेव्हा आप्पासो चहा गाळत होते. तिचं पहिलंच वाक्य ऐकून त्यांनी अर्धा चहा ओट्यावर सांडला.

"ताई, माज्या नवऱ्यानं माज्या भावाला मारायला बघितलं म्हनत्यात."

साताऱ्याच्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत रडत येणारी माणसं काही कमी नव्हती. ही रडत नव्हती, म्हणून आप्पासोंना जास्तच कसंतरी झालं. मायाताईंनी खुर्ची पुढं केली. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढून त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं होतं. फौजेतून निवृत्त झालेले आप्पासो त्यांची जीप चालवत, चहा करत आणि आपणही तपास करतो असं मनोमन समजत.

उंब्रजजवळ कृष्णाकाठी एका उपसा सिंचन संस्थेचं पंपघर होतं. स्वप्नालीचा नवरा अमृत आणि भाऊ हरिबा दोघंही तिथंच कामाला. नऊ दिवसांपूर्वी हरिबा दोन नंबरच्या विहिरीत उतरून पंपाची गाळणी साफ करत होता आणि वर कुणीतरी पंप सुरू केला. हरिबाचा पाय ओढला गेला, डोकं भिंतीवर आपटलं. तो कऱ्हाडच्या दवाखान्यात बेशुद्ध पडला होता आणि अमृत कोठडीत.

"अमृतवरच संशय का?"

"ल्वाक आलं तवा बटनावर त्येचा हात हुता. त्यो म्हनतो, चालू पंप मी बंद केला. आन् तिथला कांप्युटर म्हनतोय, त्यो आल्यावरच पंप सुरू झाला."

"तुम्हाला काय वाटतं?"

"आय दवाखान्याच्या दारातनंच मला माघारी लावती. म्हंती, नवरा धर न्हाईतर भाऊ धर." तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं. "खरं काय त्ये कळूद्या, ताई. त्येनं केलं आसंल तर तसं सांगा."

आप्पासोंना वाटलं, ही बाई सत्य मागतेय खरी, पण ते पचेल का हिला?

पंपघरात एक नंबरचा पंप घरघरत होता. त्या दिवशीही तो चालूच होता, म्हणून शेजारचा पंप कधी सुरू झाला ते कुणाला ऐकू आलं नाही. सुपरवायझर लालासाहेबांना सांगलीच्या कचेरीतून बदलून येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ.

"मी तेव्हा कालव्याच्या तोंडाशी होतो, एकटाच. पण माणसाच्या साक्षीची गरजच काय? विहिरीतलं पाणी यंत्र दर मिनिटाला मोजतं. एक मिनिट चुकत नाही."

पोलिसांना दिलेल्या कागदाची प्रत त्यांनी पुढं केली. अकरा पंधरापर्यंत पाणी एक मीटर दहा, मग उतरत गेलेलं. अमृत उंब्रजहून दोर घेऊन आला तोही अकरा पंधरालाच. दुधाच्या गाडीवाल्यानं त्याला फाटकाशी सोडलं होतं.

"हा कागद कुणी काढला?"

"मीच. कॉम्प्युटरवरची साक्षी हरिबाबरोबर दवाखान्यात गेली होती, आठवडाभर आलीच नाही."

साक्षी भेदरलेली होती. कॉम्प्युटर तिच्याच वयाचा असावा. पाणी मोजणाऱ्या यंत्राची वायर त्याच्या पाठीमागच्या सिरियल पोर्टात खोचलेली होती.

"एवढं जुनं धूड कशाला ठेवलंय?" आप्पासोंनी विचारलं.

"नव्यावर हा प्रोग्राम चालत न्हाई, काका. आन् इथं नदीकाठी मोबाइलला रेंज न्हाई. रोज अकराला मी साध्या फोनवरनं सांगलीला रिपोर्ट पाठवते."

"मग मोडेम कुठाय? डबी तर दिसत न्हाई."

"आतच हाय, कार्ड."

"त्या दिवशी?" मायाताई म्हणाल्या.

"अकरा दोनला फोन लावला आन् बाहेर झाडाखाली बसले. लय किंचाळतंय त्ये. मग आरडाओरडा ऐकून पळत आले."

"विहिरीत माणूस आहे हे वर कसं कळतं?"

"उतरणारा आपला टॉवेल बटनाच्या दांड्याला बांधतो. त्यानंच वर येऊन सोडायचा. दुसरं कोन हात लावत न्हाई, पैल्यापासनंच." साक्षीचा आवाज खाली गेला. "हरिबादादाचा टॉवेल नंतर खिडकीत सापडला. नीट घडी घातलेला."

मायाताईंनी तिला तेव्हाच रिपोर्ट पाठवायला सांगितला. कॉम्प्युटरच्या पेटीतून किंकाळी उठली, शिट्टी झाली आणि पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थांबले.

"बिघडलं!" आप्पासो म्हणाले.

"थांबतंच त्ये. रिपोर्ट गेला की आपोआप चालू हुतंय."

बारा मिनिटांनी आकडे पुन्हा धावू लागले. मायाताईंनी पेटी बंद करून झाकण काढलं, बॅटरीच्या उजेडात आतलं कार्ड पाहिलं. मग महिन्याभराच्या कागदांची फाईल आप्पासोंच्या मांडीवर ठेवली.

आप्पासोंनी पानं उलटली. साक्षी कामावर होती त्या प्रत्येक दिवशी अकराच्या सुमाराला बारा मिनिटं कोरी. पोलिसांच्या कागदावर मात्र आकडे सलग. ते हळहळले. "रोज दांडी मारणारं यंत्र नेमकं त्याच दिवशी कामाला आलं बघा. अमृतचं नशीबच फुटकं."

मायाताईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की आपण काहीतरी मूर्खासारखं बोललो असं त्यांना वाटलं. त्या बाहेर गेल्या आणि साध्या फोनवरून सांगलीला बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार अमृतला घेऊन आले. स्वप्नाली त्याच्यापासून चार हात लांब उभी राहिली. त्यानंही तिच्याकडं पाहिलं नाही.

"मोडेम पेटीच्या आत असला, तरी तो स्वतःचा सिरियल पोर्ट बरोबर घेऊन येतो," मायाताईंनी सुरुवात केली. "इथल्या कार्डावरची पिन तिसऱ्या पोर्टावर लावलीय. पाण्याचं यंत्र पहिल्यावर. जुन्या कॉम्प्युटरात या दोघांना मिळून हाक मारायची वाट एकच. दोन बिऱ्हाडांना एक घंटी असावी तशी. मोडेम बोलायला लागला, की यंत्राची हाक कुणाला ऐकू जात नाही. म्हणून रोज बारा मिनिटं कोरी."

"मग?" फौजदार म्हणाले.

"त्या दिवशीही मोडेम बोलत होता. सांगलीत रिपोर्ट पोचलाय, अकरा दोन ते अकरा चौदा. म्हणजे त्या वेळात एकही आकडा येणं शक्य नाही. तरी कागदावर बाराच्या बारा आहेत. ते कुणीतरी हातानं टाइप केलेत. आणि तो हात तिथं लागला, तर पुढच्या आकड्यांवरही विश्वास कसला?"

आप्पासोंना आपलंच कालचं वाक्य आठवलं आणि कानशिलं तापली.

"कॉम्प्युटरवर तर ही पोरगी बसते," फौजदार साक्षीकडं वळले.

"ती रोज कोरी जागा बघते. ती भरायची गरजच तिला वाटली नसती. अमृत तर तेव्हापासून तुमच्याच ताब्यात. कोरी जागा बघून घाबरला तो माणूस इथं नवा होता. त्याला वाटलं, आकडे पुसल्याचा आळ आपल्यावर येईल. टॉवेल सोडून घडी घालणाराही नवाच. इथला माणूस त्या गाठीला हात लावणार नाही."

लालासाहेबांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही चाचपली. मग ते खालीच बसले.

"शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही म्हणून अकराच्या आधी संचालकांचा फोन आला होता. मी पंप सुरू करून कालव्यावर गेलो. टॉवेल... कुणी वाळत घातलाय असं वाटलं मला. देवाशपथ." त्यांनी तोंड झाकलं. "परत आलो तर हरिबाला बाहेर काढत होते. खरं सांगायचा धीर नाही झाला. संध्याकाळी फाईल उघडली. मधे काहीच नव्हतं, आणि त्यानंतर पाणी तळाला गेलेलं."

"त्याच वेळी बोलला असता, तर एक निरपराध माणूस दहा दिवस आत सडला नसता," मायाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला आप्पासोंनी कधी ऐकला नव्हता.

फौजदारांनी अमृतला जायला सांगितलं. तो हलला नाही. स्वप्नाली मधलं अंतर तोडून त्याच्याजवळ गेली. "मी बी इचारलं हुतं तुमाला. तुमीच केलं का म्हनून. मला माफ करा."

"हरिबाला बघायचं हाय मला," अमृत एवढंच बोलला.

मायाताई, स्वप्नाली आणि अमृतला घेऊन आप्पासोंनी जीप हायवेला आणली. मोबाइलला रेंज आली तशी स्वप्नालीनं आईला फोन लावला. आईचा, बयाबाईचा, आवाज जीपभर ऐकू येत होता.

"आये, ह्येंनी न्हाई केलं. साहेबानं कबूल केलं."



"हरिबा गेला गं सकाळी," बयाबाई म्हणाली. "अमृतला घिऊन ये. त्येच्या भनीचा नवरा खांद्याला पायजे."

आप्पासोंनी गाडी कऱ्हाडच्या दिशेनं वळवली.