पाणी थांबेपर्यंत

मागच्या खोलीत होतं ते असं : सव्वाचार मीटर लांबीचा होडीचा कणा एक. त्यावर उभ्या फासळ्या सतरा. डाव्या बाजूला ठोकलेल्या फळ्या सात, उजव्या बाजूला एकही नाही. कोपऱ्यात कापून ठेवलेल्या, धूळ खात पडलेल्या फळ्या अकरा. तांब्याचे खिळे डब्यात एकशे चाळीस; लागणार होते चारशेच्या आसपास. रंधा एक, बोथट. वेताची खुर्ची एक, फळ्यांकडे तोंड करून ठेवलेली. तिच्यावर कुणी बसत नसे आणि तिला कुणी हलवतही नसे.

आणि शेजारच्या खोलीत बाबा. आई गेल्यापासून तीन वर्षांत त्यांनी या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्यांचं वजन अकरा किलोंनी उतरलं होतं.

तिनं हे सगळं वहीत लिहून काढलं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या मुलीला दुसरं सुचणार तरी काय? होडी पुरी होऊन पाण्यात गेली तर बाबा खोलीबाहेर येतील, असा तिचा अंदाज होता. त्याला पुरावा काहीच नव्हता.

खिळे शोधत ती जुन्या हत्यारांच्या दुकानात गेली. तिथे तिच्या आधी एक तरुण उभा होता. कॅनव्हासच्या पिशवीतून तो एकेक हत्यार काढून काउंटरवर ठेवत होता, आणि ठेवलेल्या प्रत्येकावरून हात काढायला त्याला वेळ लागत होता. पटाशी, करवत, तीन हातोड्या... आणि मुठीएवढा लोखंडाचा एक गुळगुळीत गोळा.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"लोखंड."

"ते दिसतंय मला. काम काय त्याचं?"

"बाहेरून खिळ्याच्या डोक्याला टेकवून धरायचं. आतून दुसऱ्यानं ठोकायचं. एकट्याचं काम नाही." मग तिच्या हातातल्या नमुन्याच्या खिळ्याकडे त्याचं लक्ष गेलं. "होडी बांधताय?"

"अर्धी आहे. पुरी करतेय."

"कुणी सांगितलं असलं काही करायला?"

"कुणीच नाही."

"मग होईल पुरी," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे हसरे होते, पण खालची वर्तुळं बरीच जुनी दिसत होती.

"वजन किती याचं?"

"असेल दोन किलो."

तिनं गोळा उचलून दुकानदाराच्या काट्यावर ठेवला. "दोन किलो तीनशे वीस."

"बघा. म्हणजे वरचे तीनशे वीस ग्रॅम मी इतकी वर्षं फुकटच उचलत होतो, मोजणीबाई."

दुकानदार कंटाळून म्हणाला, "मिस्त्री, सामान ठेवतोयस की नेतोयस?" मिस्त्रीनं पिशवीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... आणि एकेक हत्यार परत आत टाकलं. "एक होडी झाल्यावर येतो," तो म्हणाला.

पहिल्याच दिवशी त्यानं कण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि एक डोळा मिटून पाहिलं. तिनं पट्टी लावली. मध्यभागी एकोणीस मिलिमीटरचा फरक होता.

"एक फळी डावीकडे, मग एक उजवीकडे, असंच चढवत जातात," तो हळू आवाजात म्हणाला. "एकाच बाजूनं सात चढवल्या की कणा वाकतो. पहिल्या वर्षाच्या शिकाऊ पोरालाही हे माहीत असतं. कुणी केलं हे?"

उत्तर अर्धवट लोटलेल्या दारामागून आलं. "मी केलं."

बाबा आत आले नाहीत. दारामागूनच बोलत राहिले. "होडी भिंतीला लागून होती. पलीकडे जेमतेम हातभर जागा. हिच्या आईला उभं राहवत नव्हतं, आणि खुर्ची तिकडे मावत नव्हती. ती इकडे बसून लोखंड धरायची, मी ठोकायचो. म्हणाली, आधी ही बाजू करू, मी बरी झाले की ती." रेडिओचं बटण फिरल्याचा आवाज आला. "सातही काढून टाका, मिस्त्री. सरळ असलेली बरी."

मिस्त्रीनं पहिल्या फळीपासून सातवीपर्यंत तळहात फिरवला, सावकाश, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"काढण्यासारखं काही झालेलं नाही, काका," तो दाराकडे तोंड करून म्हणाला. "उजवीकडच्या फळ्या या वाकाच्या मापानं तासतो. होडी जरा डावीकडे ओढेल एवढंच. ज्याला वल्हवायची, त्यानं उजव्या हाताला जोर लावावा."

दारामागे रेडिओ बंद झाला. आणि तिनं वहीत एकोणीस मिलिमीटर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. का मारल्या, ते तिला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

मग रोज लॅबमधून आली की सहा ते आठ काम. होडी त्यांनी खोलीच्या मध्यात ओढली. तो आत बसायचा हातोडी घेऊन, ती बाहेर पाटावर, गोळा खिळ्याच्या डोक्याला टेकवून. त्यानं फळीवर दोनदा टकटक केलं की "तयार?", तिनं एकदा केलं की "हो". पहिली फळी बसवताना तो तिला पुरता दिसत होता. चौथीच्या वेळी फक्त खांद्यापासून वर. सहावीनंतर नुसते केस, आणि त्यांवर बसलेला लाकडाचा भुसा.

"आहात का?" आतून आवाज यायचा.

"जाणार कुठे? दोन किलो तीनशे वीस ग्रॅम धरून बसलेय."

"लॅबमध्ये सगळे असंच बोलतात?"

"लॅबमध्ये बोलायला आहे कोण? बाटल्या असतात."

"नशीबवान आहेत बाटल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे... जरा वर धरा. हां. तिथेच."

अशा वेळी आपल्याला कुणी बघत नाही याचं तिला बरं वाटायचं. तो दिसत नाही, याचं मात्र दर फळीगणिक थोडं जास्त वाईट वाटायचं. काम पुढे सरकत होतं म्हणजे तो तिच्या नजरेआड होत होता, आणि दोन्ही गोष्टी ती स्वतःच्या हातानं घट्ट करत होती.

आता खिळ्यांचं. एका फळीला पस्तीस खिळे लागत. वाकलेला खिळा उपटून नवा मारावा लागे, आणि वाकलेले ती सवयीनं मोजायची. पहिल्या फळीला दोन वाकले. दुसरीला चार. पाचवीला नऊ. तिला वाटलं — आणि हे वाटून ती दिवसभर लॅबमध्ये एकटीच हसत होती — की आपल्या बडबडीनं मिस्त्रीचं लक्ष उडतंय. खात्री करून घ्यायला सहाव्या फळीच्या वेळी ती मुद्दाम तोंड मिटून बसली. तो दोनदा म्हणाला, "आज काय, मौनव्रत?" ती बोलली नाही.

आकडा चौदा झाला.

ती पाटावर उभी राहिली आणि तिनं काठावरून आत वाकून पाहिलं. तो डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट गुडघ्यावर दाबून बसला होता. दाबलेल्या हाताची बोटं तरीही हलत होती, बारीक, एका लयीत... जणू ती दुसऱ्याच कुणाची होती.

"कधीपासून?"

"दीड वर्ष." त्यानं हात लपवला नाही. लपवून उपयोग नव्हता. "नसांचं दुखणं आहे. तीन डॉक्टर झाले. तिघंही एकच सांगतात, थांबणारं नाही. गोदीतून मार्चमध्ये काढलं. बरोबरच केलं त्यांनी, माझ्या होडीत मी स्वतः बसलो नसतो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"एक होडी करायची होती अजून." तो जरासा हसला. "आणि मग... तुम्ही मोजत होतात. म्हटलं, येईलच लक्षात."

ती आत उतरली. त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली. "तुम्ही बाहेर जा. गोळा तुम्ही धरा. ठोकायचं माझ्याकडे."

"तुम्हाला जमणार नाही."

"तुम्हालाही जमत नाहीये."

त्यानं गोळा दोन्ही हातांनी छातीशी धरला. हाताची थरथर लोखंडाच्या वजनात जिरून जायची. तिच्या पहिल्या फळीला एकवीस खिळे वाकले आणि अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं. "तुमच्यापेक्षा माझ्या बाटल्या बऱ्या," ती आतून म्हणाली. "बाटल्यांना ठोकून बघा एकदा," तो बाहेरून म्हणाला. दारामागून खोकल्यासारखा एक आवाज आला. बाबा हसत होते की खोकत होते, कळायला मार्ग नव्हता.

शेवटच्या फळीला तीन वाकले. त्या संध्याकाळी दोघं होडीच्या तळाशी समोरासमोर बसले. बाहेर पाऊस बेताचा पडत होता. होडी झाली होती, आणि बोलण्यासारखं एकच उरलं होतं.

"आता?" तिनं विचारलं.

"ताईकडे जाणार. भावोजींचं भांड्यांचं दुकान आहे. काउंटरवर बसायला घरचा माणूस हवाय त्यांना."

"राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे ते गाव."

"हो."

"आणि मी?" तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. "मी कुठे बसायचं?"

तो बराच वेळ भुसा बोटानं एका रेषेत गोळा करत राहिला. रेषा सरळ येत नव्हती.

"तुम्ही मोजणीबाई ना? दोन, चार, नऊ, चौदा. पुढचा आकडा काढा."

पुढचा आकडा तिनं केव्हाच काढला होता. त्याच्या पुढचाही.

"आज खिळे आहेत. मग शर्टाची बटणं. मग चमचा."

"बटणं मला लावता येतात."

"तेच नकोय मला." मग दाराकडे पाहून, अगदी हळू, "बाबांना बघतेस ना तू रोज? मागे राहिलेल्या माणसाचं काय होतं ते. मी तुला तसं दारामागे बसवून जाऊ?"

इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदाच तिला 'तू' म्हटलं होतं, आणि तेही असल्या वाक्यात. तिला रडू आवरेना. तो उठून जवळ आला नाही. फक्त फळीवर दोनदा टकटक केलं. तिनं उत्तर दिलं नाही.

रविवारी शेजारच्या आठ माणसांनी होडी उचलून मागच्या दारानं खाडीत उतरवली. नळाजवळून, पायऱ्यांवरून, पाण्यापर्यंत. बाबा चपला घालून आले. तीन वर्षांत पहिल्यांदा. पायरीवर बसले आणि म्हणाले, "डावीकडे ओढतेय." मग चेहरा रुमालात घालून बराच वेळ तसेच राहिले.

तासाभरात होडीत पाणी दिसायला लागलं. ती घाबरली. मिस्त्री नाही घाबरला.

"पहिले काही दिवस घेतेच पाणी. फळ्या भिजल्या की फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. गोदीत आमचा एक नियम होता. पाणी यायचं थांबेपर्यंत बांधणाऱ्यानं गाव सोडायचं नाही." थांबून तो म्हणाला, "तेवढे दिवस आहे मी."

आतलं पाणी कणभर वाढलं, कणभर घटलं, यावर आता तिचा जीव टांगला होता. पहिल्या सकाळी सोळा सेंटिमीटर. उपसून, फडक्यानं पुसून कोरडं केलं. दुसऱ्या सकाळी सात. तिसऱ्या सकाळी दोन. चांगल्या कामाचे आकडे असेच उतरतात. आयुष्यात पहिल्यांदाच तिला मोजमाप वाईट यावं असं वाटत होतं, आणि फळ्या होत्या की तासातासाला एकमेकींना घट्ट बिलगत होत्या.

"लोक होडी गळते म्हणून तोंड पाडतात," बाबा म्हणाले. "तुम्ही दोघं गळत नाही म्हणून."

तिसऱ्या संध्याकाळी तिनं तळावरून हात फिरवला. खडखडीत कोरडी. तिनं वर ताडपत्री बांधली. मिस्त्रीची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

"उद्या सकाळी शेवटचं माप घ्या," तो म्हणाला. "दहाची बस आहे."

"शून्य येईल."

"हो. चांगली झालीय." तिला वाटलं, तो अजून काही बोलेल. तो ताडपत्रीची गाठ तपासत राहिला. ती तिनं नीटच बांधली होती.

सकाळी ती लॅबची पर्स खांद्याला लावून, पट्टी घेऊन पायऱ्या उतरली. रात्री पाऊस नव्हता. ताडपत्री वरून कोरडी होती. तिनं ती बाजूला केली आणि पट्टी बुडवली. मग पुन्हा बुडवली.

पाच सेंटिमीटर.

मिस्त्री खालच्या पायरीवर खाडीकडे तोंड करून बसला होता. पिशवी जवळ नव्हती.

"गळतेय अजून," तो म्हणाला. मागे वळून पाहिलं नाही त्यानं. "वरच्या फळीला कुठेतरी फट राहिली असणार. काय करणार... थांबायला लागेल."

"किती दिवस?"

"ते कसं सांगणार? लाकूड आहे."

तिनं त्याच्या पाठीकडे पाहिलं. काल संध्याकाळपर्यंत कोरडी ठणठणीत असलेली होडी एका रात्रीत पुन्हा गळू लागत नाही, हे त्याला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं पर्समधून नमुन्याच्या तीन बाटल्या काढल्या. एक होडीतल्या पाण्यानं भरली, एक खाडीच्या. तिसरी वर जाऊन अंगणातल्या नळाखाली धरली.

"बाटल्या कशाला?" तो आता मात्र वळला होता.

"सवय."

नऊ वाजता लॅब उघडली. तिनं उपकरण चालू केलं, ते स्थिर होईपर्यंत थांबली, प्रत्येक नमुना नियमाप्रमाणे दोनदा मोजला आणि वहीत नोंदवला.

दर लीटरमागे मीठ. खाडी : एकवीस पूर्णांक चार ग्रॅम. अंगणातला नळ : शून्य पूर्णांक तीन. होडी : शून्य पूर्णांक तीन.